लीलावतींतील चतुर्भुज क्षेत्रें आणि त्यांचे कोन

महाराष्ट्रांतील जुन्या ज्योतिषी व शास्त्री घराण्यांच्या संग्रहांत ज्या संस्कृत पोथ्या वारंवार आढळतात, त्यांत भास्कराचार्यांच्या लीलावतीचा क्रम बराच वरचा आहे. अशी पोथी हातीं आली म्हणजे संग्राहक पानें मोजतो, लांबीरुंदी घेतो, शेवटच्या पुष्पिकेंतील शक आणि लेखकाचें नांव उतरून घेतो, आणि बहुधा तेथेंच थांबतो. मधल्या पानांतील आकृति यादींत येत नाहींत. त्या वेड्यावांकड्या असतात, मापाला धरून काढलेल्या नसतात. कित्येक ठिकाणीं लेखकानें आकृतीसाठीं जागा सोडलेली असते आणि ती कोरीच राहिलेली असते. यामुळें आकृति म्हणजे नकलकाराची हौस, तिच्यावांचून ग्रंथाचें कांहीं अडत नाहीं, असा समज होणें साहजिक आहे. चतुर्भुज क्षेत्रांच्या बाबतींत तरी हा समज टिकण्यासारखा नाहीं. या एका भागांत ग्रंथकारानें पूर्वाचार्यांशीं उघड वाद मांडला आहे, आणि त्या वादाचा निकाल क्षेत्राच्या कोनांवर अवलंबून आहे. तो वाद काय होता, त्यांत कोणाची बाजू कितपत खरी, आणि पोथीचा पाठ तपासण्यास त्याचा उपयोग कसा करावा, एवढें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊं. चतुर्भुजाची खालची बाजू ती भूमि, तिच्या समोरची तें मुख, राहिलेल्या दोन ते भुज. समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या रेषा ते कर्ण. त्यांनाच श्रुति असेंहि म्हणतात. वरच्या कोपऱ्यापासून भूमीवर सरळ उतरणारी रेषा तो लंब, आणि लंबाच्या पायानें भूमीचे जे दोन तुकडे पडतात त्या आबाधा. या यादींत कोनाचें माप नाहीं, हें ध्यानांत धरण्यासारखें आहे. कोन हा शब्द भास्कराचार्यांस ठाऊक आहे, पण तो कोपरा या अर्थानें. चतुर्भुजाचा अमुक कोन इतक्या अंशांचा, अशी भाषा ते करीत नाहींत. वर्तुळाचा खंड अंशांनीं मोजणें ही ज्योतिषाची रीति. शेत, वेदी किंवा भिंत यांच्या हिशेबांत सारें काम लांबीनें चाले. काटकोन तेवढा ओळखीचा, कारण तो लंबाच्या रूपानें येतो, आणि काटकोन त्रिकोणास जात्य असें स्वतंत्र नांवहि आहे. म्हणून आपण आज जें कोनांनीं सांगतों, तें भास्कराचार्य कर्णांनीं सांगतात. ही किल्ली हातीं असली म्हणजे पुढचा भाग सुलभ होतो.

आतां चतुर्भुजाचे मूळचे धर्म पाहूं. कोणत्याहि चौकोनांत एक कर्ण काढला तर त्याचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन. म्हणून चौकोनाच्या चार कोनांची बेरीज चार काटकोन, म्हणजे ३६० अंश. एखादा कोपरा आंत दबलेला असला तरी बेरीज तीच राहते. मात्र तेव्हां कर्ण त्या दबलेल्या कोपऱ्यापासूनच काढावा लागतो, आणि तेथील कोन दोन काटकोनांहून मोठा धरावा लागतो.

बेरीज ठरलेली असली तरी वांटणी ठरलेली नाहीं. त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्या कीं त्याचे कोन आपोआप ठरतात. तीन काठ्या टोकांशीं बांधल्या तर ती चौकट हलत नाहीं. चार काठ्यांची चौकट हलते. सुतार दाराची चौकट भिंतींत बसेपर्यंत तिला तिरकी पट्टी ठोकून ठेवतो, तें याचसाठीं. ती पट्टी म्हणजेच कर्ण. भास्कराचार्यांनीं हेंच आपल्या गद्य विवरणांत सांगितलें आहे. समोरासमोरचे दोन कोपरे आंत ढकलले कीं त्यांना जोडणारा कर्ण आंखूड होतो, दुसरे दोन बाहेर सरकतात आणि त्यांचा कर्ण लांबतो. चारी भुज मात्र जसेच्या तसे राहतात. तेव्हां चार भुज सांगून निश्चित क्षेत्रफळ विचारणें हा प्रश्नच अपुरा आहे. पांचवें कांहीं तरी, एखादा कर्ण किंवा एखादा लंब, दिलेंच पाहिजे. तें न देतां जो विचारतो त्यास आचार्य पिशाच म्हणतात, आणि जो उत्तर देतो तो त्याहूनहि वरचढ पिशाच. हा कडक शब्द त्यांचा एकट्याचा नव्हे. महासिद्धान्तकर्त्या दुसऱ्या आर्यभटानेंहि कर्णाचें ज्ञान नसतां चतुर्भुजाचें फळ सांगूं पाहणाऱ्याची अशीच संभावना केली आहे.

काठ्यांचा दाखला आम्हीं आमच्या पदरचा घातला असें कोणी समजूं नये. जीं क्षेत्रें मुळांत होऊंच शकत नाहींत, त्यांच्या बाबतींत लीलावतीनेंच सरळ शलाका मांडून पाहण्यास सांगितलें आहे. चतुर्भुजाचे भुज ३, ६, २ आणि १२ असे कोणी दिले, तर तीन लहान भुजांची बेरीज ११ होते आणि ती बाराव्या अंकापर्यंत पोंचत नाहीं. क्षेत्र मिटतच नाहीं. त्रिकोणाचे भुज ३, ६, ९ दिले तर दोन लहान भुज मोठ्यावर आडवे पडतात आणि कांहींच उरत नाहीं. नकलकाराच्या हातून एखादा अंक बदलला तर पहिली परीक्षा हीच करावी: सर्वांत मोठी बाजू इतरांच्या बेरजेहून लहान आहे ना?

चार भुज तेच असतां क्षेत्रें किती वेगळीं होतात, याचें लीलावतींतील सोपें उदाहरण समचतुर्भुजाचें आहे. चारी भुज २५. एक कर्ण ३० मानला तर दुसरा ४० येतो, आणि फळ ६००. एक कर्ण १४ मानला तर दुसरा ४८, आणि फळ ३३६. दोन्ही कर्ण सारखे घेतले तर चौरस होतो, त्याचे कर्ण १२५० च्या वर्गमूळाइतके, आणि फळ ६२५. आजच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिल्यांत कोन सुमारें ७३¾ आणि १०६¼ अंशांचे, दुसऱ्यांत ३२½ आणि १४७½ अंशांचे, तिसऱ्यांत चारी काटकोन. तिन्हींत शेजारच्या दोन कोनांची बेरीज १८० अंश, कारण समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत. भुज मोजून या तिघांस वेगळें ओळखतां येत नाहीं. कर्ण मोजला कीं लगेच ओळखतां येतें.

यापुढें वादाचें क्षेत्र येतें. भूमि १४, मुख ९, भुज १३ आणि १२, लंबहि १२. लंब आणि एक भुज सारखे असल्यामुळें तो भुज भूमीवर काटकोनांत उभा आहे, हें उघड झालें. मुखाखालीं ९ रुंद आणि १२ उंच आयत, त्याचें फळ १०८; उरलेला त्रिकोण ५, १२, १३ भुजांचा जात्य, त्याचें फळ ३०; एकूण १३८. याविषयीं कोणासहि शंका नाहीं. परंतु पूर्वाचार्यांची जी सूक्ष्म म्हणून सांगितलेली रीति, तिनें काय येतें पाहा. चारी भुजांच्या बेरजेचें अर्ध २४. त्यांतून एकेक भुज वजा करून उरतात १०, १५, ११ आणि १२. त्यांचा गुणाकार १९८००, आणि त्याचें वर्गमूळ १४१ हून किंचित् कमी. म्हणजे जवळजवळ पावणेतीन जास्त. आचार्य म्हणतात, ही रीति त्रिकोणांत खरी आणि चतुर्भुजांत अस्फुट.

ही रीति ब्रह्मगुप्ताची. शके ५५० (इ. स. ६२८) मध्यें रचलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्ताच्या बाराव्या अध्यायांत ती आहे, पुढें श्रीधर आणि गणितसारसंग्रहकार महावीर यांनीं ती उचलली, आणि तिला कोणतीहि मर्यादा घातली नाहीं. मग ब्रह्मगुप्त चुकला काय? आमच्या मतें नाहीं. आणि जो कोणी ब्राह्मस्फुटसिद्धान्ताचा तो अध्याय सलग वाचील, एकच श्लोक तोडून पाहणार नाहीं, त्यासहि तसेंच वाटेल. त्या चतुर्भुजांच्या प्रकरणांत थोड्याच अंतरावर हृदयरज्जु नांवाची राशि काढावयास सांगितली आहे. हृदयरज्जु म्हणजे क्षेत्राच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोरी, अर्थात् चारी कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या. विषम चतुर्भुजांत समोरासमोरच्या दोन भुजांच्या वर्गांची बेरीज करून तिच्या मुळाचें अर्ध घ्यावें, तीच हृदयरज्जु. आतां ज्या क्षेत्राला अशी दोरी आहे तें वर्तुळांत बसलेलेंच असणार. ब्रह्मगुप्ताच्या डोळ्यांपुढें सारे वेळ वर्तुळांतील चतुर्भुज होते. तसें त्यानें सूत्रांत लिहिलें नाहीं, एवढेंच. फ्रेंच गणितज्ञ शाल यानें १८३७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या भूमितीच्या इतिहासांत कोलब्रुकच्या इंग्रजी भाषांतरावरून हा अर्थ लावला, तो मान्य करण्यास आम्हांस कांहीं हरकत दिसत नाहीं.

वर्तुळांत बसणाऱ्या चौकोनाची खूण कोनांत आहे. त्याच्या समोरासमोरच्या दोन कोनांची बेरीज दोन काटकोन असते. कारण असें: वर्तुळाच्या परिघावरील कोन ज्या कंसाला व्यापतो, त्या कंसाच्या मध्यावरील कोनाच्या तो निम्मा असतो. समोरासमोरचे दोन कोन मिळून सगळा परीघ व्यापतात. मध्याभोंवतीं चार काटकोन, म्हणून त्या दोघांचे दोन. उलटपक्षीं ज्या चौकोनांत ही बेरीज साधत नाहीं, त्याच्या चार कोपऱ्यांतून एक वर्तुळ जाऊंच शकत नाहीं. भास्कराचार्यांच्या १४, ९, १३, १२ या क्षेत्रास ही कसोटी लावावी. भूमीवरील कोन ९० आणि सुमारें ६७⅓ अंश. मुखाकडील ९० आणि सुमारें ११२⅔ अंश. समोरासमोरच्यांची बेरीज एकीकडे सुमारें २०२⅔, दुसरीकडे सुमारें १५७⅓. हें क्षेत्र वर्तुळांत बसत नाहीं, म्हणून ब्रह्मगुप्ताचें सूत्र त्यास लागू नाहीं. त्रिकोणांत तें नेहमीं खरें येतें याचेंहि कारण आतां उमगतें: कोणत्याहि त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांतून वर्तुळ जातेंच.

दोन्ही आचार्यांचा मेळ घालणारें सूत्र फार पुढें, १८४२ मध्यें, जर्मन गणितज्ञ ब्रेटश्नाइडर यानें दिलें. ब्रह्मगुप्ताच्या चार राशींचा गुणाकार घ्यावा. त्यांतून चारी भुजांचा गुणाकार, समोरासमोरच्या कोनांच्या बेरजेच्या अर्धाची जी कोटिज्या (त्रिज्या १ धरून) तिच्या वर्गानें गुणून वजा करावा. बाकीचें मूळ तें फळ. बेरीज दोन काटकोन असेल तर तिचें अर्ध एक काटकोन, त्याची कोटिज्या शून्य, आणि वजा करावयाचें कांहीं उरत नाहीं. आपल्या क्षेत्रांत चारी भुजांचा गुणाकार १९६५६, आणि त्या कोटिज्येचा वर्ग बरोबर एक सव्विसांश येतो; म्हणजे वजा ७५६. १९८०० मधून ७५६ गेले, राहिले १९०४४, आणि त्याचें मूळ १३८. पावणेतिनांचा फरक कोठून आला तें यावरून पूर्ण कळतें. वजाबाकी कधींच उणी नसते, म्हणून ब्रह्मगुप्ताचें फळ हें त्या चार भुजांनीं होणाऱ्या सर्व क्षेत्रांत मोठ्यांत मोठें असतें.

भास्कराचार्यांनीं पूर्वाचार्यांवर जो दुसरा आक्षेप घेतला आहे तो अधिक मर्मभेदी आहे, आणि त्यासाठीं त्यांनीं त्यांचेंच क्षेत्र निवडलें. भूमि ६०, मुख २५, भुज ५२ आणि ३९. पूर्वाचार्यांच्या मतें याचे कर्ण ५६ आणि ६३ हे नियत. हें क्षेत्र ब्रह्मगुप्ताच्या कृतीनें होतें: ३, ४, ५ आणि ५, १२, १३ हे दोन जात्य त्रिकोण घ्यावे, एकाच्या भुजकोटींस दुसऱ्याच्या कर्णानें गुणावें, ३९, ५२, २५, ६० असे चार भुज मिळतात. कर्णासाठीं ब्रह्मगुप्ताची रीति लांबलचक गुणाकार-भागाकारांची आहे. भास्कराचार्य म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? ३ आणि १२ यांचा गुणाकार ३६, ४ आणि ५ यांचा २०, बेरीज ५६. ३ आणि ५ यांचा १५, ४ आणि १२ यांचा ४८, बेरीज ६३. दोन ओळींत काम झालें. मुख आणि एक भुज यांची अदलाबदल केली तर एक कर्ण ६५ होतो, म्हणजे दोन्ही जात्यांच्या कर्णांचा गुणाकार, हेंहि ते सांगतात.

मग ते ५६ च्या जागीं ३२ घेतात. भुज तेच. ३२ या कर्णाच्या एका बाजूला २५, ३९ भुजांचा त्रिकोण, दुसऱ्या बाजूला ५२, ६० भुजांचा. पहिल्याचा लंब ६२१ चें मूळ, दुसऱ्याचा २७०० चें मूळ, आणि दोन्ही लंब कर्णावर एकाच ठिकाणीं, टोकापासून २ अंतरावर, पडतात. दोन्ही मुळांची बेरीज सुमारें ७६ आणि २२/२५. हाच दुसरा कर्ण. ५६ आणि ६३ कर्णांच्या क्षेत्राचें फळ १७६४, या नव्या क्षेत्राचें सुमारें १२३०. एक तृतीयांशाजवळ तफावत, आणि चारी भुज तेच! जुन्या क्षेत्राचे कोन क्रमानें सुमारें ७५¾, ५९½, १०४¼ आणि १२०½ अंश, समोरासमोरचे मिळून १८०. नव्याचे कोन सुमारें ९९¾, ३२¼, १७३¼ आणि ५४¾ अंश. एक कोपरा जवळजवळ सरळ रेषेंत उघडला आहे.

यावरून कर्ण नियत नाहींत हें आचार्यांनीं निर्विवाद सिद्ध केलें. पण ते ५६ आणि ६३ कां आले, त्या दोन आंकड्यांत कोणता विशेष आहे, हा प्रश्न त्यांनीं सोडून दिला. त्या क्षेत्रांत ६० आणि २५ यांच्या वर्गांची बेरीज ४२२५, ५२ आणि ३९ यांच्याहि वर्गांची बेरीज ४२२५, आणि त्याचें मूळ ६५, तोच वर्तुळाचा व्यास. ब्रह्मगुप्ताची हृदयरज्जु ३२½. सारें क्षेत्र वर्तुळांत कसें चपखल बसलें आहे! लीलावतीच्या कर्त्याच्या दृष्टींतून हें निसटावें याचें आम्हांस नवल वाटतें. पण उपलब्ध टीकांच्या आधारें पाहतां ब्रह्मगुप्तानंतर उत्तरेकडील परंपरेंत ही वर्तुळाची अट मागें पडली होती, असें दिसतें. नारायण पंडिताच्या गणितकौमुदींत (शके १२७८, इ. स. १३५६) ती पुनः दिसते. भुजांची अदलाबदल करून मिळणाऱ्या तिसऱ्या कर्णाचा त्यानें उपयोग केला. तिन्ही कर्णांच्या गुणाकारास वर्तुळाच्या व्यासाच्या दुपटीनें भागलें तर फळ येतें: ५६, ६३ व ६५ यांचा गुणाकार भागिले १३०, तें बरोबर १७६४. दक्षिणेंत केरळांतील परमेश्वरानें लीलावतीवरच्या आपल्या टीकेंत अशा क्षेत्राच्या वर्तुळाची त्रिज्या चार भुजांवरून काढण्याची रीति दिली, आणि सोळाव्या शतकांतील ज्येष्ठदेवाच्या युक्तिभाषा या मल्याळम् ग्रंथांत ब्रह्मगुप्ताच्या सूत्राची पूर्ण उपपत्ति आहे. ज्या वादावर आपल्याकडील पोथ्या मुकाट्यानें पुढें गेल्या, त्याचा उलगडा असा केरळांत लिहून ठेवलेला सांपडतो.

आपल्या प्रांताचा संबंध या विषयाशीं दुहेरी आहे. चाळीसगांवाजवळील पाटणें येथील देवळांत शके ११२८ (इ. स. १२०७) चा जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला, त्यांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे व त्यांच्या कुळांतील ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ काढल्याचें, आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास नेमणूक करून दिल्याचें सांगितलें आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे, म्हणून तो भाषेच्या अभ्यासकांसहि परिचित आहे. ग्रंथ रचला गेल्यापासून (शके १०७२) साठ वर्षांच्या आंत तो शिकविण्याची कायमची तजवीज झाली, हें भाग्य थोड्या ग्रंथांस लाभलें असेल. दुसरा संबंध कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञाचा. ग्रहलाघवामुळें त्याचें नांव घरोघर झालें, पण त्याची लीलावतीवरील बुद्धिविलासिनी टीका (शके १४६७, इ. स. १५४५) संग्राहकांनीं अधिक शोधावी असें आम्हांस वाटतें, कारण इतर टीकाकार जेथें उदाहरण सोडवून थांबतात तेथें हा उपपत्ति देतो. ती टीका पुण्याच्या आनंदाश्रमानें १९३७ मध्यें छापली आहे, त्यामुळें हातच्या पोथीशीं ताडून पाहण्याची सोय झाली आहे.

कोनांची स्वतंत्र भाषा संस्कृतांत आली ती जगन्नाथ सम्राटाच्या रेखागणितानें. जयपूरच्या सवाई जयसिंहासाठीं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यानें युक्लिडाचे पंधरा अध्याय नसीरुद्दीन तूसीच्या अरबी ग्रंथावरून संस्कृतांत उतरविले. वर्तुळांतील चौकोनाच्या समोरासमोरच्या कोनांची बेरीज दोन समकोण, हा सिद्धान्त त्यांत तिसऱ्या अध्यायांत सोपपत्तिक आला आहे. हा ग्रंथ मुंबई संस्कृत मालेंत १९०१-०२ मध्यें छापला गेला. एकाच दप्तरांत लीलावती आणि रेखागणित यांचीं पानें मिसळलेलीं असलीं तर तीं वेगळीं करण्यास ही खूण चांगली: आकृतीच्या बाजूंवर अंक असले तर लीलावतीच्या बाजूचें पान, कोपऱ्यांवर अक्षरें असलीं आणि अंक मुळींच नसले तर रेखागणिताचें.

आतां पाठ तपासण्याचा प्रकार. लीलावतींत प्रत्येक उदाहरणाच्या संख्या तीन ठिकाणीं येतात: श्लोकांत शब्दांनीं, न्यासांत आकृतीवर अंकांनीं, आणि पुढील गणितांत पुनः अंकांनीं. शब्द वृत्तानें बांधलेले असल्यामुळें सहसा बिघडत नाहींत. अंक मात्र सहज बिघडतात. एक आणि नऊ, पांच आणि सहा यांचीं जुनीं वळणें घाईच्या लेखणींत किती जवळ येतात तें संग्राहकांस सांगावयास नको. अशा वेळीं क्षेत्राचे धर्म हाच चौथा साक्षी. सूचीक्षेत्राचें उदाहरण घेऊं. भूमि ३००, मुख १२५, भुज २६० आणि १९५, कर्ण २८० आणि ३१५, लंब १८९ आणि २२४. श्लोकांतील पदें उजवीकडून डावीकडे अंक मांडून वाचावीं: खाष्टयम म्हणजे शून्य, आठ, दोन, अर्थात् २८०, तिथिगुण म्हणजे पंधरा आणि तीन, अर्थात् ३१५, गोधृति म्हणजे नऊ आणि अठरा, अर्थात् १८९, जिनयम म्हणजे चोवीस आणि दोन, अर्थात् २२४.

हें क्षेत्र वरील ६०, ५२, २५, ३९ याचीच पांचपट आहे, म्हणून त्याचे सर्व गुण त्यांत उतरले आहेत. समोरासमोरच्या भुजांचे गुणाकार करून मिळवावे: ३०० गुणिले १२५ म्हणजे ३७५००, २६० गुणिले १९५ म्हणजे ५०७००, बेरीज ८८२००. दोन्ही कर्णांचा गुणाकारहि ८८२००. वर्तुळांतील प्रत्येक चौकोनांत असें जुळतें. कर्ण एकमेकांस काटकोनांत छेदतात, म्हणून त्या गुणाकाराचें अर्ध, ४४१००, हें फळ. ब्रह्मगुप्ताच्या रीतीनें १४०, ३१५, १८०, २४५ यांच्या गुणाकाराचें मूळहि ४४१००. लंबांची परीक्षा आबाधांनीं होते. २२४ लंबाच्या आबाधा १३२ आणि १६८, १८९ लंबाच्या ४८ आणि २५२. दोन्ही जोड्यांची बेरीज ३००, म्हणजे भूमि. एखाद्या प्रतींत १९५ च्या जागीं १९६ किंवा २८० च्या जागीं २६० दिसलें, तर यांतील एक तरी जुळणी मोडते, आणि कोणता अंक बिघडला तेंहि बहुधा त्यावरूनच कळतें. लीलावतीच्या दुसऱ्या एका क्षेत्रांत मुख ५१, भूमि ७५, भुज ६८ आणि ४०, कर्ण ७७ आणि ८५ आहेत. ५१ गुणिले ७५ आणि ६८ गुणिले ४० मिळून ६५४५, ७७ गुणिले ८५ हेहि ६५४५, फळ ३२३४. मात्र १४, ९, १३, १२ या क्षेत्रास किंवा ३२ कर्णाच्या क्षेत्रास ही कर्णांच्या गुणाकाराची कसोटी लावूं नये. तीं वर्तुळाबाहेरचीं आहेत. तेथें ती जुळणार नाहीं, आणि न जुळणें हेंच बरोबर. शुद्ध पाठ अशुद्ध समजून "दुरुस्त" करण्याचा मोह येथें विशेष टाळावा.

आकृति उतरून घेतांना ती सुबक करूं नये. मूळ जशी असेल तशी, अंक ज्या बाजूस ज्या दिशेनें लिहिले असतील तसेच, आणि कोरी जागा असली तर तिची लांबीरुंदी, एवढें नोंदवावें. ६०, ५२, २५, ३९ हे अंक कोणत्या क्रमानें फिरतात यावर सारें अवलंबून आहे. २५ आणि ३९ यांची जागा बदलली कीं कर्णांच्या जोडींत ६५ येतो, आणि क्षेत्रच वेगळें होतें. श्लोकांत भूमि व मुख यांचीं नांवें येतात, पण आकृतींत नकलकारानें पोथीचें पान आडवें धरून लिहिलें असेल तर भूमि वर गेलेली असते.

शेवटीं, ज्यांचा ओढा संस्कृत पोथ्यांपेक्षां मोडी कागदांकडे अधिक आहे त्यांच्यासाठीं थोडें. ब्रह्मगुप्तानें सूक्ष्म रीतीबरोबर एक स्थूल रीतिहि दिली आहे: समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजांचीं अर्धें घेऊन त्यांचा गुणाकार करावा. ही रीति फार जुनी आहे. मिसर देशांतील एडफू येथील देवळाच्या भिंतींवर दान दिलेल्या शेतांचीं फळें अशींच काढलेलीं आहेत. तिचा दोष असा कीं काटकोन चौकोन सोडून इतर प्रत्येक क्षेत्राचें फळ ती वाढवूनच सांगते. १४, ९, १३, १२ या क्षेत्रास ती १४३¾ देते, खरें १३८. सारा जमिनीच्या मापावर बसत असला तर ही वाढ कोणाच्या पदरीं पडते तें सांगणें नको. शिवकालीन मापांत पांच हात पांच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा, आणि बिघ्याचे वीस पांड. वरचें ६०, ५२, २५, ३९ हें क्षेत्र काठ्यांनीं मोजलेलें शेत समजलें, तर स्थूल रीतीनें त्याचें माप ४ बिघे १६ पांड आणि १३¾ काठ्या होतें. शेत वर्तुळांत बसणारें असलें तर खरें माप ४ बिघे ८ पांड ४ काठ्या, आणि त्याचा एक कर्ण ३२ च असला तर ३ बिघे १ पांड १० काठ्या. चार बाजू आणि बिघे एकत्र लिहिलेला एखादा मोजणीचा कागद हातीं लागला, तर प्रथम या स्थूल रीतीनें गुणाकार करून पाहावा. आंकडा तंतोतंत जुळला तर मोजणारानें कर्ण घेतला नव्हता. कमी आला तर शेताच्या आरपार काठी फिरली होती असें समजण्यास जागा आहे, आणि मग त्या कर्णाचा आंकडा कागदाच्या पाठीवर किंवा समासांत कोठें लिहिला आहे काय, तें शोधावें.